कामुनीवरचा आळ

यंदाचा भाद्रपद पुन्हा कोरडा चाललाय. ढग पुण्याकडून येतात खरे, पण सगळं पाणी तिकडेच सांडून येतात आणि आमच्या नगरच्या वाट्याला नुसती सावली उरते. दुपारी गच्चीत पाय ठेववत नाही. कुंड्यांना मी भांडी विसळलेलं पाणी घालते. सूनबाई हसते, म्हणते, "आई, नळाला चोवीस तास पाणी आहे, आता तरी सवय सोडा." सवय कसली सोडतेय! बहात्तर सालची सवय आहे ती, माझ्याबरोबरच जाईल.

त्या विसळलेल्या पाण्यावर कढीपत्त्याच्या कुंडीत एक रोप आपोआप उगवून आलं. बुलबुलानं बी टाकलं असणार. वीतभर वाढलं, मिरचीसारखी पांढरी फुलं आली, मग हिरवे मणी, आणि परवा बघते तर त्यातले चार मणी काळे कुळकुळीत. मी जवळ जाऊन बसले. तेवढ्यात नात आली, मोबाईल त्या झाडासमोर धरला आणि किंचाळलीच, "आजी, हात लावू नकोस! हे विषारी आहे." मोबाईलवर त्या रोपाचा फोटो, नाव आणि खाली लाल त्रिकोण. मी एक काळा मणी तोडला आणि तोंडात टाकला. मग काय विचारता! नात रडायच्या बेताला, सून धावत वर, "आई, या वयात कसले प्रयोग करता?" मला हसू आलं. म्हटलं, "अगं, कामुनी आहे ही. पिकलेली खातात. कच्ची खाऊ नये. तुझ्या त्या डबड्याला कच्चं-पिकलं कळत नाही, मला कळतं."

त्या दोघी खाली गेल्या. जिभेवर ती आंबटगोड चव रेंगाळत राहिली आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मला कळतं म्हणे! त्या मोबाईलचा मला राग आला होता तो एवढ्यासाठीच, की पन्नास-बावन्न वर्षांपूर्वी मी स्वतः तसाच लाल त्रिकोण घेऊन एका वाडीत हिंडले होते. ना ते ज्ञान माझं होतं, ना ती अक्कल. आणि नंतर अक्कल आली तेव्हा तोंड उघडायची हिंमत नव्हती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरात तर नाहीच.

काष्टीच्या बाजारापासून दोन कोसांवरची ती वाडी. मी नगरची, ट्रेनिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, एकविसावं सरलेलं, दोन वेण्या सोडून नुकताच अंबाडा घालायला लागलेली. शाळा म्हणजे दोन खोल्या, एक हेडगुरुजी आणि एक मी. हेडगुरुजी निवृत्तीला आलेले, पानाचा चुना नखानं लावत बसायचे. मला मात्र काय करू अन् काय नको असं झालेलं. पोरांच्या नखांपासून ते शाळेच्या अंगणापर्यंत सगळं मला सुधारायचं होतं. अंगणात मी बाग केली. बागेला शेळ्यांचा उपद्रव, म्हणून कुंपण हवं. ओढ्याकाठी मोगली एरंडाची झाडं होती. त्याच्या फांद्या छाटून आणल्या आणि आषाढात हातभर अंतरानं पुरून टाकल्या. कुठेही रुजतो तो, पाणी मागत नाही, आणि शेळी त्याला तोंड लावत नाही. वर्षाच्या आत माझं कुंपण छातीला लागलं. तालुक्याचे शिक्षण विस्तार अधिकारी तपासणीला आले तेव्हा म्हणाले, "बाई, अशी बाग आमच्या अख्ख्या तालुक्यात नाही." आठ दिवस माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

त्या फांद्या पुरताना सारजाबाई शेजारी उभी होती. शाळेत पाणी भरायचं काम तिच्याकडे होतं. पन्नाशीची, काटकुळी, कपाळावर ठसठशीत गोंदण. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, चार एकर कोरडवाहू होतं ते दीर कसायचा. तिला उगाच बोलायची सवय नव्हती. पण त्या दिवशी ती म्हणाली होती, "बाई, ह्येच्या बिया पोरं खात्यात बरं का. ग्वाड लागत्यात अन् मग वकत बसत्यात. दुसरं कायतरी लावा." मी म्हणाले, "सारजाबाई, शाळा आहे ही. मुलांना सांगितलं की ती ऐकतात." ती बरं म्हणाली आणि घागर उचलून गेली.

मुलांना मी काही सांगितलं नाही. विसरून गेले. मुलं त्या एरंडाचं पान देठाशी तोडून चिकाचे फुगे उडवायची, इंद्रधनुष्याच्या रंगाचे. ते बघायला मलाही आवडायचं.

मग बहात्तर उजाडलं. त्या वर्षाबद्दल लोक पुष्कळ लिहितात, तडकलेल्या भुईचे फोटो छापतात. मला मात्र आठवतात ते वास. रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीचा कोंदट वास. टँकरच्या पाण्याला येणारा गंजाचा वास. पोरांच्या खिशातल्या सुकडीचा खमंग, गोडूस वास, कारण सरकारनं दिलेली सुकडी ती एकदम खात नसत, चड्डीच्या खिशात ठेवून चिमूटचिमूट दिवसभर पुरवत. आणि दुपारी वाडीत पसरलेली ती शांतता. बायाबापड्या सगळ्या दुष्काळी कामावर, रस्त्याची खडी फोडायला. मागे म्हातारी माणसं, लेकरं आणि आम्ही. शाळा सुटली तरी पोरं घरी जात नसत. घरी होतं काय?

माझी बाग केव्हाच वाळून गेली होती. झेंडूच्या काटक्या तेवढ्या उभ्या. हिरवं म्हणायला दोनच गोष्टी होत्या. एक ते एरंडाचं कुंपण. आणि दुसरी रांजणापाशी. सारजाबाई टँकरचं पाणी आणून शाळेच्या रांजणात भरायची. पोरं पाणी प्यायची, हात धुवायची, पाट्या पुसायची. ते सांडलेलं पाणी जिथे मुरायचं तिथे हातभर जागेत कामुनी माजली होती. कुणी लावली नव्हती. सारजाबाईनं मात्र ती राखली. भोवती दगड मांडले, पाण्याला सरी काढून दिली, रांजणाच्या तळाचं गढूळ पाणीसुद्धा तिथेच ओतायची.

दुपारच्या सुट्टीत ती तिथे उकिडवी बसायची आणि पोरं भोवती. "कुनी वढायचं न्हाई. हात लावायचा फकस्त. हात लावल्या लावल्या सुटलं तर पिकलं. वढावं लागलं तर ते कच्चं, त्येला सोडून द्यायचं. हिरवं खाल्लं तर पोटात मुरडा पडंल. अन् एकाला दहाच." मग ती एकेकाच्या तळहातावर मोजून मणी ठेवायची. पोरांच्या जिभा, ओठ, हनुवट्या जांभळ्या व्हायच्या आणि ती एकमेकांना जीभ काढून दाखवायची. कोवळा पाला खुडून ती ओच्यात घ्यायची. संध्याकाळी कामावरून आलेल्या बायका तिच्याकडून मूठमूठ पाला नेत, तव्यावर मीठ-मिरची घालून परतत. सगळ्या वाडीला त्या वर्षी भाजी माहीत होती ती एवढीच.

मला ते आवडत नव्हतं. खरं सांगायचं तर मला सारजाबाईभोवतीचा तो पोरांचा घोळका आवडत नव्हता. मी वर्गात घसा फोडून शिकवायची तेव्हा ही पोरं जांभया द्यायची, आणि तिच्यापुढे कशी कान टवकारून बसायची! मी कॉलेजातलं वनस्पतिशास्त्राचं पुस्तक काढलं. त्यात कामुनी होती. लिहिलं होतं की कच्च्या फळांत विषारी द्रव्य असतं. मी एक तक्ता केला. पिवळ्या कागदावर रंगीत खडूंनी चित्रं काढली, वर मथळा, 'आपल्या परिसरातील विषारी वनस्पती'. धोतरा, गुंज, रुई, कण्हेर, घाणेरी, आणि शेवटी कामुनी. चित्र छान जमलं होतं. खाली एकच शब्द लिहिला, विषारी. 'कच्ची फळे' हे दोन शब्द मी लिहिले नाहीत. जागा नव्हती असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. जागा होती.

आणि मोगली एरंड त्या तक्त्यात नव्हता. त्याच पुस्तकात, चार पानं पुढे, तोही असणार. पण ते माझं कुंपण होतं. कुंपणाकडे मी झाड म्हणून कधी पाहिलंच नाही.

सारजाबाईनं तक्ता बघितला. तिला अक्षर येत नव्हतं, पण चित्र ओळखू आलं. "कामुनी हाय न्हवं ही? लई झ्याक काढलीया," म्हणाली. मी तिला अर्थ सांगितला. ती एवढंच म्हणाली, "पिकल्याली बी?" मी म्हणाले, "पुस्तकात आहे." कसलं निगरगट्ट उत्तर! पण तेव्हा मला ते फार पटण्यासारखं वाटलं होतं.

त्यानंतर आठेक दिवसांनी सुमीचं झालं. सुमी म्हणजे कौसाबाईची मुलगी, पहिलीतली, शेंबडी, गोड, माझ्या पदराचं टोक धरून चालणारी. आई खडीवर. दुपारची शाळा सुटली होती, मी खोलीत वह्या तपासत होते. बाहेर कुणीतरी ओरडलं. जाऊन बघते तर सुमी कुंपणाजवळ गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. ओकत होती, पुन्हा ओकत होती, अंग गार, डोळे वर. ओठ जांभळे. जीभ जांभळी.

सारजाबाई माझ्याआधी पोचली होती. तिनं पोरीला मांडीवर घेतलं, तोंड धुतलं, बोट घालून आणखी ओकायला लावलं. मी नुसती उभी. वाडीला पाणी द्यायला आलेला टँकर अजून गेला नव्हता, त्याच्या ड्रायव्हरनं पोरीला पुढे घेतलं. सारजाबाई चढायला निघाली तर मी म्हणाले, "तुम्ही नको, मी जाते." सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी सुमीच्या जांभळ्या ओठांकडे बोट केलं. कामुनी म्हणाले. त्यांनी मान हलवली, सलाईन लावलं. दोन दिवस पोरगी बेशुद्धीसारखी होती. कौसाबाई खडीवरून तशीच धावत आलेली, केसांत धूळ, हातांना फोड, नुसती सुमीच्या तळपायांना तळहात घासत होती. मी तिच्याशेजारी बसून मनात एकच म्हणत होते, ही जगू दे. बाकी काही नको. ते मागणं खरं होतं एवढं मी म्हणेन. त्या दोन दिवसांत मी सच्ची होते.

दुसऱ्याच दिवशी सकाळी, पोरीला अजून शुद्ध नव्हती तेव्हा, मी कपडे आणायला वाडीत आले. शाळेच्या ओट्यावर गावातली चार माणसं बसली होती. हेडगुरुजी होते. सारजाबाई लांब खांबाला टेकून उभी. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई, तुमी शिकल्याल्या. तुमीच सांगा, कामुनीनं व्हतंय का असं?" मी आत गेले, तक्ता भिंतीवरून काढला आणि त्यांच्यासमोर उलगडून धरला. मला आता तो क्षण आठवला की कानशिलं गरम होतात. काय तो थाट! जणू कोर्टात पुरावा दाखवतेय.

सारजाबाई म्हणाली, "मी माज्या हातानं दिल्यात. दहाच मनी. समदी पिकल्याली हुती. म्या लहानपनापास्नं खातीया." कुणीतरी म्हणालं, "पोरीचं तोंड काळं झाल्यालं समद्यांनी बघितलंय." ती पुढे काही बोलली नाही. मीच बोलले. मी म्हणाले, "मी त्यांना आधीच सांगितलं होतं. तक्ताही दाखवला होता."

त्याच सकाळी मी मोठी मुलं रांगेनं उभी केली आणि रांजणापासची कामुनी मुळासकट उपटवली. मग वाडीभर फिरलो. न्हाणीच्या पाण्यावर, गोठ्याच्या कडेला, जिथे जिथे चार पानं होती तिथे तिथे. मुलांना खेळच वाटला तो. सारजाबाई मागोमाग येत होती. एका ठिकाणी ती पुढे झाली, "बाई, काळी तेवढी तोडून घिऊ द्या की. मी खाते, माज्या पोटात जाऊ द्या, बघा मला काय व्हतंय." मी म्हणाले, "सारजाबाई, हट्ट करू नका." उपटलेल्या झाडांचा ढीग घालून आम्ही पेटवला. ओला पाला, पेटता पेटेना, नुसता धूर.

सुमी वाचली. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले, पाणी मागितलं. कौसाबाई चहा आणायला बाहेर गेली होती. मी पोरीच्या कपाळावर हात ठेवून लाडानं म्हणाले, "पुन्हा कामुनी खायची नाही हं." ती म्हणाली, "कामुनी न्हाई बाई. त्या काय, तुमच्या कुपनाच्या बिया. शेंगदान्यावानी लागत्यात. लई खाल्ल्या. भूक लागल्याली."

मी दाराकडे पाहिलं. कौसाबाई अजून आली नव्हती. मग मी जे केलं ते केलं. खाली वाकून पोरीच्या कानाशी म्हणाले, "हे कुणाला सांगायचं नाही. आई रागवेल. मी तुला गोळ्या देईन." सहा वर्षांचं पोर ते. तिनं शहाण्यासारखी मान हलवली. मी सांगितलेलं ती नेहमीच ऐकायची.

का केलं? पहिलीच नोकरी, नाव झालेली बाग, तालुक्यातलं कौतुक. ते कुंपण मी लावलं, मला बजावलं होतं तरी लावलं, हे वाडीला कळलं असतं तर मला तिथे उभं राहता आलं नसतं. भीती होती, आणि तिच्याहून मोठी लाज. मी स्वतःला म्हणायचे, सुमी वाचली ना, मग झालं. सारजाबाईचं काय, एक काम गेलं तर दुसरं मिळेल. माणूस स्वतःशी किती मऊ बोलतो!

पुढच्या रविवारी शाळेला सुट्टी असताना मी कोयता घेऊन ते कुंपण तोडलं. शेळ्यांना खायलाच काही राहिलं नाही तर कुंपण कशाला, असं हेडगुरुजींना सांगितलं. त्यांनी चुना लावत हूं म्हटलं. एरंडाचा चीक पातळावर उडाला. आधी पाण्यासारखा दिसतो, वाळला की तपकिरी डाग पडतात आणि काही केल्या जात नाहीत. चांगलं पातळ होतं, नोकरी लागल्यावर वडिलांनी घेतलेलं. मी ते ओढ्याच्या खडकावर आपटून आपटून धुतलं आणि शेवटी आईकडे पाठवून दिलं, पोतेरं कर म्हणून.

शाळेचं पाणी भरायचं काम सारजाबाईकडून गेलं. कुणी तिला जा म्हटलं नाही, दुसरी बाई भरायला लागली एवढंच. पोरं तिच्याभोवती जमायची बंद झाली. ती दिसली की आया हाताला धरून लेकरांना मागे ओढत. मग तीही खडीवर गेली. त्या वयात, उन्हात, एका हातानं हातोडा उचलवेना म्हणून दोन्ही हातांनी. कौसाबाईनंच मला एकदा सांगितलं, सहज, बोलता बोलता. दुपारी बायका भाकरी सोडून बसल्या की एकमेकींना कोरकोर देतात, चटणी देतात. सारजाबाईची भाकर कुणी घेईना. ती देऊ करायची, मग द्यायचं बंद केलं, मग लांब बाभळीखाली एकटी बसायला लागली. कौसाबाई म्हणाली, "मी बी घेत न्हाई. लेकराच्या जिवावर उठली हुती ती." मी तिच्यासमोर बसले होते. तिच्या हातचा गुळाचा कोरा चहा पीत होते.

आणि भाजी. त्या हिवाळ्यात रांजणापाशी कामुनी पुन्हा फुटली. पाणी सांडत होतंच. लोकांनीच ती उपटली, माझ्या सांगण्याची गरज उरली नव्हती. ज्या वर्षी घासाला लावायला काही नव्हतं, त्या वर्षी जे थोडं खाण्याजोगं होतं ते मी विष करून टाकलं. मला वाटतं, माझ्या सगळ्या मास्तरकीत मी शिकवलेलं इतकं घट्ट कुणाच्याच डोक्यात बसलं नसेल.

हे सगळं मी पुढे कितीदा घोळवलं. लग्न झालं, बदली झाली, दुसऱ्या शाळा, दुसरी मुलं. विज्ञान शिकवताना विषारी वनस्पतींचा धडा आला की मी तो नुसता वाचून दाखवायची आणि पुढे जायची. मुलं विचारायची, बाई, धोतऱ्याचं चित्र काढा ना. मी म्हणायची, पुस्तकात आहे, बघा. विष कशात आहे आणि कशात नाही हे ओळखायला माणसाला काय लागतं? सारजाबाई फळाला हात लावायची, सुटतंय का बघायची, जिभेवर ठेवायची. तिचं ज्ञान तिच्या पोटातून आलेलं होतं, चुकली असती तर तीच मेली असती. माझं ज्ञान चुकलं तर मरणार दुसरं कुणीतरी. म्हणून तर मी एवढ्या मोठ्या आवाजात बोलू शकले.

त्या वाडीला मी पुन्हा गेले नाही. काष्टीला मात्र जाणं झालं, बारा-तेरा वर्षांनी, नणंदेच्या घरी. आठवडी बाजार भरला होता. नणंद म्हणाली, चल, मेथी घेऊ. भाजीच्या रांगेत शेवटी पोतं अंथरून एक म्हातारी बसली होती. पुढ्यात मेथीच्या चार जुड्या, थोडी कोथिंबीर. गोंदण सुरकुत्यांत बुडालं होतं, पण मला लांबूनच कळलं. एक मन म्हणालं, सरळ पुढे चल. नणंदेला म्हटलं, तू हो पुढे, आलेच.

मी तिच्यासमोर खाली बसले. "सारजाबाई, ओळखलंत का?"

तिनं डोळ्यांवर हात धरला. "बाई न्हवं का? न वळखाया काय झालं. जाड झालाव."

मी हसायचा प्रयत्न केला. सुमी कशी आहे विचारलं. लगीन झालं, म्हणाली, दोन लेकरं हायत. मग मी बोलले. किती वर्षं मनात वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हणाले, "सारजाबाई, तेव्हा सुमीला कामुनीनं नव्हतं झालं. माझ्या एरंडाच्या बिया खाल्ल्या होत्या तिनं. मला दवाखान्यातच कळलं होतं."

ती मेथीच्या जुडीवर पाणी शिंपडत होती. हात थांबला नाही. "ठावं हाय," म्हणाली.

"कधीपासून?"

"तवापास्नं. पोरीचं तोंड म्याच धुतलं न्हवं का? वकारीत पांढरा चुरा हुता बियांचा. हातातच आला माज्या."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. बघा, तिथेही मीच तिला जाब विचारत होते.

"मी बोलून कोन ऐकनार हुतं, बाई? तुमच्याकडं कागुद हुता." तिनं जुडी खाली ठेवली. "म्हनलं, बाई बोलतील. शिकल्यालं मानूस हाय, दोन दिसांनी, चार दिसांनी बोलंल. खडीची वाट तिकडनं हुती वढ्याकडनं. पर मी शाळंवरनं जायची. सकाळचं बी, सांजचं बी. लांब पडायचं. पर म्हनलं, आज हाक मारतील. आज मारतील."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. संकरात झाली. पाय दुखाया लागलं. मग वढ्याच्याच वाटंनं जाया लागले." तिनं मेथीच्या दोन जुड्या उचलून माझ्या पिशवीत घातल्या. "घ्या. ताजी हाय."

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही, पण तिला ती ठाऊकच असणार. शाळेच्या खिडकीतून ती मला रोज दिसायची. कुंपण नव्हतंच, सगळं स्वच्छ दिसायचं. डोक्यावर पाटी, पाटीत हातोडा, आणि शाळेसमोर आली की ती पाऊल जरा हळू टाकायची. मी खडू घ्यायची आणि फळ्याकडे तोंड करून लिहायला लागायची, ती जाईपर्यंत.